सायलेन्सरचा चटका आणि किलोला अठ्ठावीस हजारांचा मध

आधीच सांगते, ब्रँडचं नाव टाकणार नाहीये. मला कोणी पैसे दिलेले नाहीत आणि मी पुढे थोड्या तक्रारी पण करणार आहे, उगाच कटकट नको. वस्तू काय ते सांगते. मेडिकल ग्रेड मध, म्हणजे जखमेवर लावण्यासाठीच बनवलेला, निर्जंतुक केलेला मध. मी एक ट्यूब घेतली आणि एक पाकीट घेतलं ज्यात मधात भिजवलेल्या जाळीच्या पट्ट्या असतात. वापर सोळा दिवस, जागा उजवी पोटरी, कारण बुलेटचा सायलेन्सर. पाचपैकी साडेतीन देईन, अर्धा मार्क मुंग्यांमुळे गेला आणि बाकीचा एक किमतीमुळे.

तर झालं असं की जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला गेले होते माहेरी. होम मैदानावर तोबा गर्दी, मावसभावाने बुलेट लावलेली, मी बाजूला उभी राहून त्याची वाट बघत होते, अंगात थ्री-फोर्थ, मागून कुणाचा तरी धक्का आला आणि पोटरी सरळ सायलेन्सरवर. एक सेकंद पण नसेल. पण बुलेट अर्धा तास ट्रॅफिकमधे रांगत आलेली, सायलेन्सर नुसता तवा. कातडी चिकटून निघाली ते मला कळलं आणि मग पुढचं काही कळलं नाही, कारण मी त्या गर्दीत मटकन खाली बसले.

आता सोलापूरची माणसं किती प्रेमळ बघा, पाच मिनिटात चार उपाय आले. भजीवाल्या काकांनी थंड पाणी ओतलं, ते एकच बरोबर होतं. एका मावशीने पर्समधून टूथपेस्ट काढली आणि मी नको म्हणायच्या आत थापली पण. कोणी म्हणे शाई लावा, कोणी म्हणे बटाटा किसून बांधा. घरी पोचेपर्यंत पाऊण तास गेला होता, तरी वहिनीने मोरीत बसवून नळाखाली पाय धरायला लावला, पूर्ण वीस मिनिटं, मोबाईलवर टायमर लावून. टूथपेस्ट धुवून काढली तेव्हा परत एकदा जीव गेला. वहिनी नर्सिंगचा कोर्स अर्ध्यात सोडलेली आहे पण घरातल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा तिचं ऐकलं जातं. ती म्हणाली चटका बसल्यावर तीन तासांच्या आत कधीही गार पाणी घातलं तरी उपयोग होतो, बर्फ मात्र नको.

आणि मग आई आली. हातात बरणी. "मध लाव की गं, काय करायलीस एवढा वेळ पाण्यात."

ही बरणी मी स्वतःच आणलेली, दिवाळीनंतर महाबळेश्वरला गेलो होतो तेव्हाची. जांभळाचा मध, गडद, थोडा कडवट तुरट, मला चहाचा चमचाभर नुसता खायला आवडतो. त्या भागात मधाचं काम खरंच चांगलं चालतं, सातेरी माश्यांच्या पेट्या गावोगाव, मांघर तर २०२२ पासून 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं, देशातलं पहिलं. म्हणजे माल अस्सल होता यात मला शंका नाही. आईला तर नाहीच नाही. आजी म्हणे कापलं भाजलं की मध आणि तूप कालवून लावायची, आणि आजीला हे कुठून आलं तर थेट सुश्रुतापासून आलं असणार, कारण ताज्या जखमेवर क्षौद्र आणि सर्पि, म्हणजे मध आणि तूप, हे सुश्रुतसंहितेत आहेच. मी त्या रात्री इतकी दमलेली की म्हटलं लाव बाई.

पहिली पाच मिनिटं छान गार वाटलं. मग झोंबायला लागलं. मग मध गरम होऊन पातळ झाला आणि पोटरीवरून घोट्याकडे निघाला, आईने वरून धोतराचा जुना तुकडा बांधला, तो चिकटला, गादीवर डाग. आणि पहाटे साडेचारला मी ओरडत उठले कारण मुंग्या. काळ्या नाहीत, लाल. भिंतीच्या फटीतून पलंगाच्या पायावरून थेट माझ्या पायापर्यंत शिस्तीत रांग लावून. जखमेवर मीठ चोळतात हे ऐकलेलं, जखमेवर मुंग्या बोलावून घेणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच.

सकाळी डॉक्टर. घराजवळचेच सर्जन, आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन यांनीच केलेलं. त्यांनी बघितलं, म्हणाले सेकंड डिग्री आहे पण वरवरचं, अंड्याएवढी जागा, फोड फुटलाय पण खालची कातडी गुलाबी आहे, दाबलं की पांढरी होऊन परत रंग येतोय, म्हणजे चांगलं लक्षण. टीटी दिलं. मी घाबरत घाबरत मधाचं सांगितलं, वाटलं आता शिव्या बसणार. तर ते हसायलाच लागले आणि म्हणाले, "अहो ताई, तुम्ही सोलापुरात बसून मधाला काय घाबरताय, हे तर आमच्या सिव्हिलचं काम आहे."

मला हे अजिबात माहीत नव्हतं आणि मी सोलापूरची आहे! घरी येऊन शोधलं तर खरंच. १९९१ साली डॉ. एम. सुब्रह्मण्यम या सर्जननी ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी मधे पेपर छापला, डॉ. वैशंपायन मेमोरियल मेडिकल कॉलेज, सोलापूर. भाजलेले १०४ पेशंट घेतले, निम्म्यांना मधाचं ड्रेसिंग, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे ते पांढरं बर्न क्रीम जे सगळ्यांच्या घरात फ्रीजच्या दारात असतं. मधवाल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या जखमा पंधरा दिवसात भरल्या, क्रीमवाल्यांपैकी १० टक्के. सात दिवसात जंतू गेले ते मधवाल्यांत ९१ टक्के आणि क्रीमवाल्यांत ७ टक्के. मग त्यांनी पुढे मधाची तुलना कशाकशाशी केली बघा, गर्भाच्या आवरणाची पट्टी आणि चक्क उकडलेल्या बटाट्याच्या साली. म्हणजे गड्ड्यात मला बटाटा बांधायला सांगणारी बाई अगदीच हवेत बोलत नव्हती. (१९९६ चा पेपर, मध जिंकला.)

आता खरं सांगू का, ते ८७ आणि १० वाचून मला आधी अभिमान वाटला आणि मग शंका आली. क्रीम लावून पंधरा दिवसात फक्त दहा टक्के? एवढा फरक असेल तर जगभर सगळ्यांनी क्रीम फेकून नसतं दिलं का. पण त्याच सर्जननी १९९९ मधे असाही पेपर छापलाय की मध्यम भाजलेल्या पेशंटमधे लवकर ऑपरेशन करून जळकी कातडी काढून नवी लावली तर ते मधापेक्षा चांगलं. म्हणजे माणूस मधाच्या प्रेमात आंधळा नव्हता, स्वतःच्याच उपायाविरुद्धचा निकाल स्वतःच छापला. हे मला जास्त आवडलं. नंतर २०१५ ला कोक्रेनवाल्यांनी, जे जगभरच्या ट्रायल्स एकत्र करून चाळून बघतात, त्यांनी २६ ट्रायल्स आणि तीन हजारावर माणसं धरून सांगितलं की माझ्यासारख्या अर्धवट खोलीच्या भाजण्यात मध नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरून आणतो, ऑपरेशननंतर चिघळलेल्या टाक्यांना पण उपयोग दिसतो, बाकी बऱ्याच जखमांबद्दल ठाम काही बोलता येत नाही. चार-पाच दिवस. हे मला पटलं. ८७ विरुद्ध १० पेक्षा हे जास्त घरगुती वाटतं.

पण डॉक्टर पुढे जे म्हणाले ते महत्त्वाचं. म्हणाले बरणीतला लावू नका. मी म्हटलं अहो अस्सल आहे, महाबळेश्वरचा आहे. तर म्हणाले अस्सल आहे म्हणूनच. अस्सल मधात माती, परागकण, मेण, आणि काही जंतूंचे बीजाणू पण असतात जे मधात वाढत नाहीत पण मरत पण नाहीत, क्लॉस्ट्रिडियम वगैरे, म्हणूनच एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नसतो. (आमच्याकडे बारशाला चाटवतात, ते वेगळं भांडण, वहिनी आणि आईचं, अजून मिटलेलं नाही.) मग उकळून घेतला तर? उकळला तर त्यातलं जे एन्झाइम काम करतं तेच मरतं. म्हणून जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, त्याने जंतू बीजाणू जातात आणि एन्झाइम शिल्लक राहतं. आणि दुकानातल्या बाटलीचं तर बोलूच नका, २०२० च्या डिसेंबरमधे सीएसईने, म्हणजे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने, १३ ब्रँडचे २२ नमुने तपासले त्यात पाचच सगळ्या चाचण्या पास झाले, बाकीच्यात साखरेचा पाक. पाण्यात थेंब टाकून बघा, काडी पेटवून बघा, असल्या घरच्या प्रयोगांत तो पाक कळत पण नाही. म्हणजे खायचा मध अस्सल निघाला तर निर्जंतुक नाही, आणि भेसळीचा निघाला तर तो मधच नाही.

मग मेडिकल. पहिल्या मेडिकलवाल्याला म्हटलं जखमेवर लावायचा मध द्या, त्याने अर्ध्या किलोची चौकोनी बाटली पुढे केली, वर एकावर एक फ्री. दुसऱ्याने मधाचं खोकल्याचं सिरप दाखवलं. तिसरा म्हणाला मॅडम तसलं काही येत नाही, पांढरं क्रीम न्या. शेवटी ऑनलाईन मागवलं आणि ते यायला तीन दिवस लागले, तोपर्यंत डॉक्टरांनी तेलकट जाळीची पट्टी लावून दिली होती, पॅराफिन गॉज. हे मुद्दाम सांगते कारण तीच नंतर तुलनेला कामाला आली.

आता माल. ट्यूब वीस ग्रॅम, मला ५६० रुपयांना पडली. हिशोब करा, किलोला अठ्ठावीस हजार. आईला सांगितलं नाही. वर ट्यूबवर लिहिलंय मध ८० टक्के, बाकी घट्टपणासाठी मेणासारखा बेस. म्हणजे खरं तर किलोला अजून जास्त. पट्ट्यांचं पाकीट वेगळं, पाच पट्ट्या, ७५० रुपये. बॉक्स भारी, आत माहितीचा कागद बारा भाषांत, मराठी नाही, हिंदी पण नाही. ट्यूबचं झाकण उलट करून टोचलं की सील फुटतं, नेहमीसारखंच. आतला मध गडद तपकिरी, घट्ट, जॅमसारखा, वास थोडा औषधी. ओघळत नाही, हे पहिलं सुख. बरणीतला मध अंगाच्या उबेने पाण्यासारखा होतो, हा जागेवर बसून राहतो.

लावायची पद्धत अशी. हात धुवायचे, जखम सलाईनने धुवायची (मेडिकलमधे एनएस म्हणा, शंभर मिलीची बाटली मिळते, मिठाचं पाणी घरी बनवत बसू नका), मध जखमेवर नाही लावायचा, गॉजवर लावायचा आणि तो गॉज जखमेवर ठेवायचा. हे साधं वाक्य मला कुणी पहिल्या रात्री सांगितलं असतं तर गादी वाचली असती. मग त्याच्यावर जाड पॅड, आणि त्याच्यावर चारी बाजूंनी टेप. पॅड जाडच हवं, कारण पहिले तीन-चार दिवस जखमेतून पाणी येतं आणि मधाने ते अजून वाढतं. मधात पाणी असतं जेमतेम सतरा ते वीस टक्के, बाकी साखरच साखर, त्यामुळे तो आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, जंतूंच्या अंगातलं पण आणि जखमेतलं पण. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटतं ना, तसंच. मला वाटलं पू झाला, रात्री अकराला डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी फक्त अंगठा पाठवला. सकाळी म्हणाले वास नाही, ताप नाही, आजूबाजूला लाली पसरत नाही, पातळ पाणी आहे, चालू ठेवा.

झोंबतं का? हो, झोंबतं. लावल्यावर पंधरा वीस मिनिटं चांगलंच. वेबसाईटवर 'सुखद अनुभव' लिहिलेलं, त्यांनी कधी लावून बघितलेलं नाही. मध आंबट असतो मुळात, जीभेला गोड लागतो म्हणून कळत नाही, पण आम्लधर्मी असतो आणि उघड्या कातडीला ते कळतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कमी झालं. मी ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल घ्यायचे, डॉक्टरांना विचारून.

जिथे हा प्रकार खरंच पैसे वसूल करतो ती जागा म्हणजे पट्टी काढताना. पॅराफिनची जाळी तिसऱ्या दिवशी काढली तेव्हा कडेने सुकून चिकटलेली, काढताना नवीन आलेली कातडी पण थोडी निघाली, रक्त आलं, मी वहिनीचा हात चावायची बाकी ठेवली होती. मधाची पट्टी मात्र नुसती सरकून आली. ओली, बुळबुळीत, किळसवाणी, पण वेदना नाही. दुसरं, वास अजिबात आला नाही, सोळाच्या सोळा दिवस. आणि पिवळट पांढरा जो थर बसतो ना जखमेवर, तो खरवडावा नाही लागला, आपोआप सुटत गेला. डॉक्टर म्हणाले की मध पातळ झाला की त्यातलं एक एन्झाइम, ग्लुकोज ऑक्सिडेज, हळूहळू थोडंथोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, तेच जे आपण लहानपणी गुडघा फुटला की फेस येणारं औषध म्हणून लावायचो, फक्त इथे ते इतकं पातळ असतं की जंतू मरतात पण कातडीला त्रास होत नाही. बाटलीतलं तसलं औषध एकदम ओतलं की चांगल्या पेशी पण मरतात, म्हणून आता ते कोणी जखमेवर ओतत नाही म्हणे.

पट्ट्यांबद्दल थोडक्यात. ट्यूबपेक्षा पट्टी सोयीची, कात्रीने मापात कापता येते, हात बरबटत नाहीत. पण एकदा फॉइल फोडली की उरलेला तुकडा ठेवता येत नाही, निर्जंतुक राहत नाही, आणि माझी जखम अंड्याएवढी आणि पट्टी तळहाताएवढी, म्हणजे प्रत्येक वेळी अर्धी पट्टी, म्हणजे पंच्याहत्तर रुपये, कचऱ्यात. कंपनीवाले ऐकत असतील तर लहान साईज काढा हो. पहिले चार दिवस रोज बदलावी लागली कारण पॅड भिजायचं, नंतर दोन-तीन दिवसांनी एकदा.

मुंग्या: येतात. या मधाला पण येतात. कितीही टेप लावा, कडेने एक थेंब बाहेर आला की संपलं. मी पलंगाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, दुधाच्या पातेल्याला करतो तसं, आणि चादर खाली लोंबू द्यायची नाही. ही गोष्ट एकाही रिव्ह्यूत लिहिलेली नव्हती, बहुतेक लिहिणाऱ्यांच्या घरात मुंग्या नसाव्यात किंवा ते न्यूझीलंडला राहत असावेत.

न्यूझीलंडवरून आठवलं. माझी नणंद ऑकलंडला असते, तिला फोटो पाठवला तर म्हणाली वहिनी थांबा, एक जण येतोय पुण्याला, त्याच्याबरोबर मनुका मध पाठवते. सातव्या दिवशी बरणी आली. आईने चष्मा लावून बरणी उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाली, "ह्यात मनुका कुठायत गं?" दहा मिनिटं आम्ही हसत होतो. तर मनुका हे तिकडचं एक झुडूप आहे, त्याच्या फुलांच्या मधात मिथाइलग्लायॉक्सल नावाचं एक द्रव्य भरपूर असतं, त्यामुळे पेरॉक्साइड नसलं तरी तो मध जंतू मारतो. तिकडे वायकाटो युनिव्हर्सिटीत पीटर मोलन नावाच्या शास्त्रज्ञाने आयुष्य घालवलं यावर, आणि ते द्रव्य नेमकं कोणतं हे २००८ ला जर्मनीत ड्रेस्डेनला सापडलं. बरणीवर आकडे असतात, आकडा जितका मोठा तितकी किंमत मोठी. पण ही पण खायचीच बरणी, निर्जंतुक नाही, म्हणून जखमेवर नाही लावली, आई रोज पोळीबरोबर खातेय. आईला परतफेड म्हणून नणंदेला महाबळेश्वरचा मध पाठवायचा होता, तर तिकडे बाहेरचा मध नेऊच देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. आईला हे फारच अपमानास्पद वाटलं. "त्यांचा आम्ही खायचा आणि आमचा त्यांना चालत नाही व्हय."

आता ज्या कारणाने हे एवढं मोठं लिहायला बसले ते. माझे मामा, बासष्ट वय, सतरा वर्षं शुगर, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली एक जखम, तीन महिने झाले भरत नाही, दुखत पण नाही म्हणून दाखवली नाही. माझी पोटरी बघायला आले, ट्यूब हातात घेतली आणि म्हणाले मला पण एक मागव. मी मागवणार होते, खरंच, ऑर्डरचं पान उघडलं होतं. वहिनीने मोबाईल काढून घेतला आणि मामांना त्याच डॉक्टरांकडे पाठवलं. तिकडे काय निघालं तर पायातला रक्तपुरवठा कमी, आणि जखम वरून चिमुकली पण आत खोल. तिथे वरून मध काय आणि सोनं काय. मृत भाग काढला, पायावर वजन येणार नाही अशी चप्पल दिली, हाडाचा एक्स-रे, शुगरच्या गोळ्या बदलल्या. ड्रेसिंग त्यानंतरची गोष्ट. मी डॉक्टरांना विचारलं की जखमेवर मध लावला तर शुगर वाढते का, सगळे हाच प्रश्न विचारतात, तर म्हणाले थोडक्या मधाने सहसा फार फरक पडत नाही, लक्ष ठेवायचं, पण खरी भीती ती नाहीये, खरी भीती ही की माणूस घरी मध लावत बसतो आणि दोन महिने वाया घालवतो.

आणि हे फक्त शुगरचंच नाही. न्यूझीलंडमधेच, मनुकाच्या देशात, ३६८ लोकांवर ट्रायल झाली, पायाच्या शिरांमुळे होणाऱ्या जुन्या जखमांवर, २००८ ला आली ती. मधाच्या पट्टीचा नेहमीच्या पट्टीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही, उलट दुखण्याच्या तक्रारी जास्त. म्हणून व्हॉट्सअपवर जे फिरतं ना, 'कोणतीही जखम, फक्त मध', ते म्हणजे लोकांना मधाचं बोट लावणं आहे. चेहरा, सांधे, खोल भाजलेलं, करंट, ॲसिड, तळहातापेक्षा मोठी जागा, ताप आला, लाली पसरायला लागली, कुत्रं चावलं, यातलं काहीही असेल तर ट्यूब ठेवा बाजूला आणि दवाखाना गाठा. मधाची किंवा मधमाशीची ॲलर्जी असेल तर विषयच संपला.

माझ्या पोटरीचं म्हणाल तर सोळाव्या दिवशी पूर्ण बंद झाली. मधामुळे झाली का? प्रामाणिकपणे, माहीत नाही. डॉक्टरच म्हणाले होते की स्वच्छ ठेवली तर दोन-तीन आठवड्यात एरवी पण भरेल. मी माझी दुसरी पोटरी भाजून क्रीम लावून बघू शकत नाही. मला मिळालं ते हे, की पट्टी बदलताना रडले नाही, वास आला नाही, चिघळलं नाही, आणि डाग फिका गुलाबी आहे, जाड वळ नाही उठलेला. एकूण खर्च ट्यूब, दोन पाकिटं पट्ट्या, पॅड, टेप, सलाईन धरून अडीच हजाराच्या आसपास, पांढऱ्या क्रीममधे हे सगळं तीनशेत झालं असतं. ज्याला तीनशेच परवडतात त्याने वाईट वाटून घेऊ नये, रोज धुऊन स्वच्छ पट्टी बांधली तरी माझ्यासारखी जखम भरते. ज्याला पट्टी काढण्याची भीती आहे, लहान मूल आहे घरात भाजलेलं आणि डॉक्टर हो म्हणतायत, त्याने घ्यावा. दीड मार्क कापलाय तो लक्षात ठेवून.

डिलिव्हरीबद्दल राहिलं. तीन दिवस लावले पण पॅकिंग नीट होतं, एक्सपायरी दोन वर्षं पुढची. फ्रीजमधे ठेवू नका, दगड होतो. ट्यूब उघडल्याची तारीख मी पेनने वर लिहून ठेवली आहे, कागदावर उघडल्यावर किती महिने चालते ते दिलेलं असतं, वाचा.

अर्धी ट्यूब उरली होती, ती माहेरीच ठेवून आले. काल आईचा फोन. मी म्हटलं पाय बरा आहे आता, डाग पण जाईल. ती म्हणाली ते असू दे, त्या डब्यात बिल सापडलं मला, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही.